खर्चाची वही मुलींच्या हातात द्या

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तुम्ही तालुक्याच्या गावातल्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता आणि यंदा महिला विकास कक्षाचं काम तुमच्याकडे आलंय. मागच्या तीन वर्षांच्या फायली चाळल्यावर तुम्हाला दिसलं, की ८ मार्चचं व्याख्यान, रांगोळी स्पर्धा, हिमोग्लोबिन तपासणी आणि निर्भय कन्या अभियानातलं एक दिवसाचं कराटेचं प्रशिक्षण, एवढंच दर वर्षी होतं. हजेरी भरपूर असते, फोटोही छान येतात. पण कॉलेजच्या एकाही निर्णयात मुलगी कुठे दिसत नाही. विद्यापीठाच्या योजना आणि कार्यक्रम यांतून मुलींमध्ये खरं नेतृत्व कसं घडवायचं, आणि हाताशी निधी नसताना कसं घडवायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्याच गावी, २७ वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली चार वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी होते आणि नंतर बराच काळ विद्यार्थी विकास अधिकारी. या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: मुलींच्या हातात आधी पैशाचा व्यवहार द्या. भाषण, व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास या गोष्टी त्याच्या मागून येतात. मी सुरुवातीची काही वर्षं बरोबर उलटं केलं. पुण्याहून वक्त्या बोलवायचे, दोनशे मुली सभागृहात बसवायचे, टाळ्या व्हायच्या. एकदा अशाच कार्यशाळेनंतर एस.वाय.ची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन थांबली आणि म्हणाली, "मॅडम, सगळं पटलं. पण आता मी करू काय?" माझ्याकडे तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तिला करायला देता येईल असं एकही काम मी कॉलेजात तयार ठेवलं नव्हतं.

तुम्ही एक करून पाहा. गेल्या वर्षीच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाची कामवाटणी काढा आणि कोणतं काम कोणाकडे होतं ते पेन्सिलीने लिहा. आमच्याकडे यादी अशी निघाली होती. मुलींकडे ईशस्तवन, स्वागतगीत, रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण, सूत्रसंचालन, आभार. मुलांकडे मंडप, साउंड, बॅनर, पाहुण्यांची गाडी, नाश्ता, जनरेटर. वरवर पाहता मुली पुढे दिसतात, माइक तर दोन तास त्यांच्याच हातात असतो. पण मुलींची सगळी कामं व्यासपीठावरची आहेत, आधी तालीम करून ठेवलेली आहेत, आणि त्यांत एकही निर्णय घ्यावा लागत नाही. मुलांच्या प्रत्येक कामात गावात जावं लागतं, भाव करावा लागतो, कोणाचा तरी नंबर घ्यावा लागतो, वेळेवर वस्तू आली नाही तर दुसरी सोय बघावी लागते. तीन वर्षांत त्या मुलाची मंडपवाल्यापासून नगरसेवकापर्यंत ओळख होते. मुलीच्या फाईलमध्ये उत्कृष्ट सूत्रसंचालनाची तीन प्रमाणपत्रं जमा होतात. पुढे गावातल्या कुठल्याही संस्थेत कोण कामाला लागतं आणि कोण आभार मानायला उरतं, हे तिथेच ठरून जातं.

महिला महाविद्यालयांत हे चित्र वेगळं असतं, कारण तिथे साउंडवाल्याला फोन करायला मुलगीच असते. महर्षी कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून १९१६ मध्ये स्वतंत्र महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. त्यांच्या अभ्यासक्रमावर त्या काळातही टीका झाली, गृहजीवनावरचा भर आज आपल्यालाही खटकतो. पण त्या संस्थेत विद्यार्थ्यांकडची सगळीच कामं आणि पदं मुलींच्या वाट्याला आली, हा परिणाम अभ्यासक्रमापेक्षा मोठा ठरला. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र तिथेच उभं केलं आणि १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली. तुमच्यामाझ्यासारख्या सहशिक्षणाच्या कॉलेजात ही परिस्थिती आपोआप येत नाही, मुद्दाम आणावी लागते.

मी ती पहिल्यांदा आणली एनएसएसच्या हिवाळी शिबिरात. सात दिवसांचं शिबिर, पन्नास स्वयंसेवक, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. स्वयंपाकघर मुलींकडे आणि बाजारहाट मुलांकडे ही आमची वहिवाट. त्या वर्षी मी भांडी-भाजी-पोळ्या सगळ्यांना पाळीने लावल्या आणि किराण्याचा पूर्ण व्यवहार दोन मुलींकडे सोपवला. त्यातली एक एस.वाय. बी.कॉम.ची होती, कळवणकडच्या एका वस्तीवरची, वर्गात तोंड न उघडणारी. तिला मी दोनशे पानी वही दिली, रक्कम सांगितली, दोन दुकानांचे भाव आणायला सांगितलं.

पहिल्या दुकानदाराने तिला सांगितलं, "सरांना पाठव, त्यांच्याशी बोलतो." "सर नाहीतच, व्यवहार माझ्याकडे आहे," हे तिने त्याला कसं सांगितलं ते मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. मुद्दाम गेले नव्हते. ती परत आली तेव्हा वहीत दोन रकाने होते. तेलाचा डबा, तूरडाळ, तांदूळ, गूळ, पोहे, चहा पावडर, प्रत्येकाचे दोन भाव. खाली एक ओळ: "दुसरा पक्कं बिल देतो." पहिला थोडा स्वस्त होता, पण कच्च्या चिठ्ठीवर माल देणार होता, आणि कच्ची चिठ्ठी ऑफिसात चालत नाही हे तिने आदल्या दिवशी आमच्या क्लार्कना जाऊन विचारून ठेवलं होतं.

खरी परीक्षा चौथ्या दिवशी झाली. पाहुण्यांची ये-जा वाढली, चहा-दुधाचा खर्च अंदाजाच्या बाहेर गेला. रात्री दोघी कंदिलाच्या उजेडात हिशोब करत बसल्या होत्या, कारण शाळेतली वीज गेली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, असंच चाललं तर शेवटच्या दिवशी पैसे उरत नाहीत." मी काहीही सुचवलं नाही. जीभ चावून गप्प बसले, हे मला फार जड गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सभेत कळवणकडची ती मुलगी उभी राहिली. पन्नास जणांसमोर वही उघडून तिने जमा-खर्च वाचला आणि सांगितलं की समारोपाला शिरा होणार नाही, आणि पाहुणे सोडून कोणालाही दुसरा चहा मिळणार नाही. मुलांनी गोंगाट केला. एकाने विचारलं, तुला कोणी अधिकार दिला? तिने वही त्याच्यापुढे धरली आणि म्हणाली, "तू कर बेरीज. जमत असेल तर शिरा करू." त्याने केली. शिरा झाला नाही.

न आवडणारा निर्णय सगळ्यांसमोर, आकड्यांच्या आधाराने सांगणं आणि त्यावर टिकून राहणं. नेतृत्वाची इतकी पूर्ण तालीम मी कोणत्याही कार्यशाळेत होताना पाहिलेली नाही. आणि वेगळा खर्च काय आला, तर एका वहीचा.

आता हे नियमात कसं बसवायचं? ॲडव्हान्स तुमच्या किंवा कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नावावर उचलला जातो आणि जबाबदारीही तुमचीच राहते. त्यात बदल करता येत नाही आणि करूही नये. पण व्यवहार करणारे हात मुलींचे असू शकतात. नेहमी दोघी ठेवा, एकटी नको. एक पैसे देईल, दुसरी लिहील, आणि दर दोन दिवसांनी अदलाबदल करा. रोज संध्याकाळी हातातली शिल्लक मोजून वहीशी जुळवायची आणि तुमची सही घ्यायची. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की प्रामाणिक चूक झाली, शे-दोनशे कमी पडले, तर ते मी भरेन, पण लपवलेलं चालणार नाही. चुकीची भीती घातली की मुली व्यवहार तुमच्याकडे परत आणून देतात, आणि आपणही कौतुकाने परत घेतो. कार्यक्रम संपल्यावर व्हाउचर चिकटवताना, उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं असं लिहून द्यायचा कागद) भरताना त्यांना शेजारी बसवा. अनुदान येतं कसं, अडतं कुठे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुलगी पुढे बचत गटात किंवा ग्रामपंचायतीत कोऱ्या कागदावर सही करताना दहा वेळा विचार करेल.

यानंतरचा विषय वेळेचा. यात आपण मोठी माणसं सर्वांत जास्त चुकतो. मुलींचा प्रतिसाद नाही असं कोणी म्हणालं, की मी आधी त्यांच्या गावाला जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ विचारते. तुमची बैठक चार वाजता असेल आणि वस्तीवरची गाडी सव्वाचारला सुटत असेल, तर तुम्ही वेळेनेच निवड करून टाकलीत. बैठकीला फक्त गावातल्या, स्कूटी असलेल्या मुली येणार. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याने खर्चाचा भार हलका झाला, पण गाडीची वेळ तीच राहिली. विज्ञानच्या मुलींची प्रॅक्टिकल दुपारी असतात, म्हणून मी बैठका सकाळच्या सुट्टीत, वीस मिनिटांच्या, उभ्याउभ्या घ्यायचे.

वर्षाचं वेळापत्रकही पिकांकडे बघून ठरवावं लागतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. तेव्हा निम्म्या मुली रोपं लावायला जातात, काही घरच्या रानात, काही रोजाने. त्याच आठवड्यात शिबिर ठेवलं तर त्या येणारच नाहीत, आणि त्यांच्यासाठी सात दिवसांची मजुरी ही लहान रक्कम नसते. तुमच्याकडे ऊस असेल, कापूस असेल, भात असेल. त्याप्रमाणे बघा. आणि ८ मार्च? तो दिवस जरूर साजरा करा, पण कामाची सुरुवात त्या दिवशी करू नका. तोपर्यंत सत्र संपत आलेलं असतं, तोंडी परीक्षा लागलेल्या असतात. त्या दिवशी उत्साहाने पेटून उठलेली मुलगी पुढच्या आठवड्यात हॉल तिकीट शोधत असते. काम जुलैत सुरू करायचं, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला झालेल्या कामाचा जमा-खर्च मांडायचा, आणि ८ मार्चला पुढच्या वर्षीच्या मुलींकडे वही सोपवायची, असा क्रम मी शेवटची काही वर्षं पाळला.

घरची परवानगी हा मोठा अडसर. त्यावर उपाय आहेत, पण त्यासाठी आपले पाय झिजवावे लागतात. फोनवर "मुलीला पाठवा" म्हणून काम होत नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर मुक्कामाचं ठिकाण, सोबत राहणाऱ्या शिक्षिकेचं नाव, परतीची वेळ असं पत्र द्या. शिबिराच्या चौथ्या दिवशी मुलींच्या आयांना बोलवा. एक आई येऊन शाळेची खोली, आतून लागणारी कडी आणि मुलीची वही पाहून गेली, की तिच्या गावातल्या चार घरांना तीच सांगते. शिबिराचं गाव निवडताना मी देऊळ-सभामंडपाच्या आधी संडास बघायचे. पाणी आहे का, रात्री वाटेवर दिवा आहे का, पॅडची विल्हेवाट कुठे लावायची. या तीन गोष्टी नसतील तर त्या गावाला मी नाही म्हटलेलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एनएसएस, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग यांना आता श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. "मार्कांसाठी आहे" हे वाक्य घरी चालतं, ते वापरा.

मुली निवडायच्या कशा? माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही, तरी सांगते. मी चिठ्ठ्या टाकायचे. आपण "चुणचुणीत" म्हणून ज्या मुलींना उचलतो त्या दर वर्षी एकाच प्रकारच्या निघतात: गावात राहणाऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या, ज्यांच्या घरी कोणीतरी शिक्षक आहे अशा. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातली सुरगाण्याची मुलगी, तीन किलोमीटर चालत फाट्यावर येणारी मुलगी आपल्या नजरेत भरतच नाही. जात आणि लिंगभाव वेगवेगळे काढून बघता येत नाहीत, हे पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे यांनी आयुष्यभर मांडलं. ते वर्गात शिकवून मी बाहेर येते आणि पुन्हा त्याच चार मुलींना हाक मारते, हे मला टोचायला लागलं. तेव्हापासून पहिल्या दोन बैठकांना आलेल्या सगळ्या मुलींची नावं डब्यात, आणि त्यातून खजिनदार, सचिव, खरेदी, वाहतूक. "एखादी कच्ची निघाली तर?" असं विचारतात. निघते की. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सरपंचपदाचं आरक्षण सोडतीनेच ठरतं. १९९३ मध्ये लागू झालेली पंचायत राजची घटनादुरुस्ती आणि २०११ पासून आपल्या राज्यात आलेलं पन्नास टक्के आरक्षण यांनी हजारो बायका खुर्चीवर आणल्या, त्यांची आधी कोणी मुलाखत घेतली नव्हती. शिकायला वेळ मिळाला तिथे त्या शिकल्या. वसतिगृहातल्या मुली असतील तर गृहपालांना आधी स्वतः भेटून या, नाहीतर सायंकाळची हजेरी आडवी येते.

आता बैठकीविषयी. आपण मुलींना वक्तृत्व शिकवतो, पण सभा चालवायला शिकवत नाही. विषयपत्रिका कशी काढायची, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे काय, ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिलं हे कसं नोंदवायचं, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, विषय भरकटला तर कसा परत आणायचा. हे दोन तासांत दाखवता येतं आणि वर्षभर सरावाने पक्कं होतं. इतिवृत्त लिहिणारी मुलगी दुय्यम नाही, हे त्यांना पटवून द्या. काय ठरलं हे तिच्या लेखणीतून ठरतं. हंसा मेहतांचं उदाहरण मी नेहमी द्यायचे. एसएनडीटीच्या आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या या बाईंनी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या मसुद्यात "सर्व पुरुष" या अर्थाच्या शब्दांऐवजी "सर्व माणसं" असे शब्द घ्यायला लावले. त्यांची तालीम अखिल भारतीय महिला परिषदेत झाली, जिची पहिली परिषद १९२७ मध्ये पुण्यात भरली होती. अशा सभांमध्ये ठरावातल्या एका शब्दासाठी अडून बसायची सवय लागते.

त्याच्या जोडीला अर्ज आणि पोच. आमच्या मुलींना शेवटच्या गाडीचा त्रास होता, तर मी म्हटलं, मग आगार व्यवस्थापकांना लिहा. पहिला अर्ज तीन पानी झाला, सगळा भावनेने भरलेला. तो अर्ध्या पानावर आणला: कोणती फेरी, कोणत्या गावच्या किती मुली, कॉलेज किती वाजता सुटतं, मागणी काय. दोन प्रती केल्या. मुली आगारात गेल्या, अर्ज देऊन परत आल्या. मी विचारलं, पोच कुठे? त्यांना ते माहीतच नव्हतं. पुन्हा पाठवलं. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली प्रत हातात आली, तेव्हा ती त्या एकमेकींना दाखवत होत्या. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र दिलं, मग पुन्हा एकदा. पुढच्या सत्रात ती फेरी वीस मिनिटं उशिरा सुटायला लागली. त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं, की ही वेळ कोणी बदलून घेतली.

एक उपक्रम असा आहे, ज्याला रुपयाही लागत नाही. तुमच्या बहुतेक मुली अठरा पूर्ण केलेल्या आहेत, म्हणजे आपापल्या गावच्या मतदार होऊ शकतात आणि मतदार म्हणून ग्रामसभेच्या सदस्य. आधी मतदार नोंदणी करून घ्या. मग प्रत्येकीने वर्षात निदान एका ग्रामसभेला जाऊन बसायचं आणि एक पान लिहून आणायचं: विषय कोणते होते, बायका किती होत्या, त्यातल्या बोलल्या किती, सरपंच बाई असेल तर खुर्चीवर प्रत्यक्षात कोण बसलं होतं. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती झाली का, हेही विचारायचं. पहिल्या वर्षी माझ्याकडे आलेली पानं मी अजून जपून ठेवली आहेत. एका मुलीने लिहिलं होतं, महिला ग्रामसभा झालीच नाही, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्यांना फिरला, माझ्या आईनेही सही केली, मी आईला विचारलं तू कशाला केलीस, तर आई म्हणाली, ते कशाचं होतं मला कुठे ठाऊक. पुढच्या वेळी ती मुलगी आणि तिची आई दोघी गेल्या. प्रश्न साधा विचारला: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवता का? ते वाचून दाखवावं लागलं.

असे प्रश्न मुलींनी विचारले की कोणीतरी प्राचार्यांकडे तक्रार घेऊन येतं. माझ्याकडेही आली होती. म्हणून हा उपक्रम सुरू करण्याआधी प्राचार्यांची लेखी मान्यता घ्या आणि त्यात "ग्रामसभा निरीक्षण" असं शब्दशः लिहून घ्या. तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, तुमच्या पाठीशी कागद हवाच.

कॉलेजच्या आत मुलींसाठी निर्णयाच्या जागा कोणत्या? १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले, मुलींची नावं प्राचार्य द्यायचे. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका आणि महिला प्रतिनिधीचं निवडून यायचं पद पुन्हा आणलं, तरी बहुतेक कॉलेजांनी त्या निवडणुका अजून पाहिलेल्या नाहीत. पण एक जागा आजही तुमच्या हातात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर, विषय विद्यार्थ्यांचा असेल तेव्हा, विद्यार्थी सदस्य असतात आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून यायला हवेत. बऱ्याच ठिकाणी ऑफिसात बसून नावं लिहिली जातात. तुम्ही खरी निवडणूक घ्या. अर्ज, छाननी, दोन मिनिटांचं मनोगत, गुप्त मतदान, मोजणी, निकालाचा कागद फलकावर. मतपेटी मुलींनाच बनवू द्या, मतदान अधिकारीही मुलीच. निवडून आलेल्यांना समितीचं काम, गोपनीयता आणि कायदा नीट शिकवायला मात्र वकील बोलवा. तिथे अर्धवट माहितीने एखाद्या मुलीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

मुलांना बाहेर ठेवू नका. महिला विकास कक्षाच्या कार्यक्रमात मुलीच्या हाताखाली काम केलेला मुलगा उद्या घरी, ऑफिसात, पंचायतीत कोणाची तरी सूचना ऐकणार आहे. फक्त एक पथ्य पाळा: अध्यक्ष मुलगा, उपाध्यक्ष मुलगी ही जोडी कधीही करू नका. उपपदावरची मुलगी वर्षभर कोणाच्या तरी गैरहजेरीची वाट बघत राहते.

पाहुणे बोलवायचेच असतील तर जवळचे बोलवा. तालुक्यातल्या ग्रामसेविका, बँकेच्या शाखाधिकारी, महिला उपनिरीक्षक, तुमचीच सरपंच झालेली माजी विद्यार्थिनी. व्याख्यान नको, तासभर प्रश्नोत्तरं. प्रश्न मुलींनी आधी लिहून आणायचे. सत्काराला शाल-श्रीफळाचा खर्च टाळून ते पैसे मुलींच्या गाडीभाड्याला ठेवा. विद्यापीठाच्या निर्भय कन्या अभियानासारख्या योजनांचं अनुदानही असंच वापरता येतं. कराटे, आरोग्य, कायदा हे विषय योजनेत असतीलच, पण प्रशिक्षक कोण, दिवस कोणता, जेवण कुठून, हे सगळं मुलींच्या समितीने ठरवावं.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो आणि अहवाल लागतात, ते द्या, त्यात कुचराई नको. त्याशिवाय तुमच्या स्वतःच्या डायरीत तीन आकडे ठेवा: यंदा किती मुलींनी पैशाचा व्यवहार स्वतः केला, किती जणींनी सभा चालवली, आणि मागच्या वर्षीच्या किती जणी यंदा परत आल्या. तिसरा आकडा सर्वांत बोलका असतो. मुली एस.वाय.ला तयार होतात आणि टी.वाय.ला लग्न ठरून किंवा घरच्या कामाने निघून जातात, म्हणून सुरुवात एफ.वाय.पासून करा. तुम्हाला निदान दोन पूर्ण वर्षं मिळायला हवीत. माझ्याकडे पहिल्या वर्षी अकरापैकी चार परतल्या होत्या. त्या चौघींनी पुढच्या वर्षीच्या मुलींना वही लिहायला शिकवलं, मला शिकवावं लागलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एवढंच करा. प्राचार्यांकडून तुमच्या नावाचं, कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. हेड क्लार्कना भेटून व्हाउचर, कोटेशन आणि पक्क्या बिलाचे तुमच्या कॉलेजचे नियम समजून घ्या, आणि हे विचारायला जाताना दोन मुली सोबत न्या. गावोगावच्या शेवटच्या एसटीचं वेळापत्रक मुलींकडूनच लिहून आणवा आणि स्टाफरूमच्या भिंतीवर लावा. दोनशे पानी वही घ्या, पहिल्या पानावर कार्यक्रमाचं नाव आणि मंजूर रक्कम लिहा, आणि दुसऱ्या पानापासून लिहायला ती मुलींकडे द्या. ऑगस्टमध्ये काय अडतंय ते कळवा, मी उत्तर देईन.